आम्लांमधले थोरले-धाकटे

गव्हाणीत मोळी पडून गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर परिसरातल्या साखर कारखान्यांत गंधकाच्या गोण्यांची थप्पी लागते. हे गंधक भट्टीत वितळवून जाळले जाते, त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू चुन्याबरोबर उसाच्या गरम रसात सोडला जातो, आणि रसातल्या पाण्यात तो विरघळला की जे आम्ल तयार होते त्याला सल्फ्युरस आम्ल म्हणतात. बाहेर यार्डात ऊस घेऊन रांगेत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीत जे आम्ल असते ते मात्र सल्फ्युरिक आम्ल. दोन्हींतली मूलद्रव्ये तीच, म्हणजे हायड्रोजन, गंधक आणि ऑक्सिजन; फरक आहे तो ऑक्सिजनच्या एका अणूचा.

मी अशाच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे, त्यामुळे हा एक अणू माझ्या चांगल्याच परिचयाचा आहे. सल्फ्युरस आम्लाचा चुन्याशी संयोग होऊन कॅल्शियम सल्फाइट बनते, त्याचा साका रसातला रंग आणि गाळ सोबत घेऊन खाली बसतो आणि वर स्वच्छ रस उरतो. गंधकाच्या भट्टीत जाणारी हवा दमट असली आणि निघालेला वायू वेळेत थंड झाला नाही, तर मात्र त्यातला काही भाग आणखी एक ऑक्सिजन घेऊन सल्फर ट्रायऑक्साइड होतो आणि पाणी मिळताच सल्फ्युरिक आम्ल बनतो. हे आम्ल एकीकडे पाइप खाते आणि दुसरीकडे चुन्याबरोबर कॅल्शियम सल्फेट तयार करते. सल्फेट हे सल्फाइटपेक्षा पाण्यात जास्त विरघळणारे असल्यामुळे ते खाली न बसता रसाबरोबर पुढे जाते आणि रस आटू लागला की इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना आतून स्केल होऊन चिकटते. ते खरवडून काढण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना ‘आइट’ आणि ‘एट’ यांतला फरक पुन्हा शिकवावा लागत नाही.

पण परीक्षेसाठी शिकणाऱ्या मुलांच्या समोर ना रस असतो ना नळ्या, असतो तो एक तक्ता. माझी भाची यंदा अकरावीला आहे. आम्लांच्या नावांचा तो तक्ता तिने पाठ करत आणला होता आणि तिची तक्रार नेमकी होती. “मामा, सल्फ्युरिकमध्ये ऑक्सिजन चार, नायट्रिकमध्ये तीन, क्लोरिकमध्ये पण तीनच. मग ‘इक’ म्हणजे नक्की किती?”

हा प्रश्न ज्याला पडला त्याचे अर्धे काम झाले असे मी समजतो, कारण बहुतेक मुलांचा गोंधळ इथेच असतो आणि तो त्यांना शब्दांत मांडता येत नाही. उत्तर असे की ‘इक’ म्हणजे तीनही नव्हेत आणि चारही नव्हेत. हा शेवट ऑक्सिजनची संख्या सांगतच नाही. तो त्या आम्लाचा त्याच्या घरातला क्रम सांगतो. एकाच मूलद्रव्याची दोन आम्ले असतील, तर ज्यात ऑक्सिजन जास्त तो थोरला आणि ज्यात कमी तो धाकटा. थोरल्याच्या नावाला ‘इक’ लागते, धाकट्याच्या नावाला ‘अस’. एका घरातला थोरला अठरा वर्षांचा असेल आणि शेजारच्या घरातला थोरला साठ वर्षांचा असेल, म्हणून दोघांच्या थोरलेपणात काही कमी-जास्त होत नाही. गंधकाच्या घरात थोरल्याकडे ऑक्सिजनचे चार अणू आणि धाकट्याकडे तीन. नायट्रोजनच्या घरात थोरल्याकडे तीन आणि धाकट्याकडे दोन. नायट्रिक आणि सल्फ्युरस या दोन्हींत ऑक्सिजन तीनच आहेत, तरी एक थोरला आणि दुसरा धाकटा. टेल्युरिक आम्लाच्या नेहमीच्या रूपात तर ऑक्सिजनचे सहा अणू असतात. म्हणून ऑक्सिजन मोजून नाव ठरवू पाहणारा विद्यार्थी हमखास फसतो.

ही पद्धत कोणी बसवली हे पाहिले तर तिचा स्वभाव अधिक नीट कळतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपात सल्फ्युरिक आम्लाला ‘ऑइल ऑफ व्हिट्रिऑल’, नायट्रिक आम्लाला ‘ॲक्वा फॉर्टिस’ आणि हायड्रोक्लोरिक आम्लाला ‘स्पिरिट ऑफ सॉल्ट’ अशी नावे होती. ती कानाला भारदस्त वाटत, पण त्या बाटलीत काय आहे हे त्यांतून कळत नसे. 1787 साली गितों द मोर्व्हो, लॅव्हॉझिए, बर्थोले आणि फुर्क्रुआ या चार फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी नामकरणाची नवी पद्धत प्रसिद्ध केली. पदार्थाच्या नावातून त्याचे घटक कळले पाहिजेत, हे तिचे सूत्र होते. जास्त ऑक्सिजनच्या आम्लाला एक शेवट, कमी ऑक्सिजनच्या आम्लाला दुसरा, आणि त्या त्या आम्लापासून होणाऱ्या क्षारांनाही तसेच जोडीचे शेवट, अशी ती रचना होती. आज आपण म्हणतो ते ‘इक’, ‘अस’, ‘एट’ आणि ‘आइट’ तिथूनच आलेले आहेत.

या सुंदर रचनेच्या पायात मात्र एक चुकीचा दगड होता. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच आणि आम्लता त्याच्यामुळेच येते, अशी लॅव्हॉझिएची पक्की समजूत होती. ऑक्सिजन हे नावच त्याने ग्रीक शब्दांवरून ‘आम्ल निर्माण करणारा’ या अर्थाने ठेवले होते. मिठापासून मिळणाऱ्या आम्लाला तेव्हा म्युरिअॅटिक आम्ल म्हणत. त्यात ऑक्सिजन सापडत नव्हता, तेव्हा तो अजून वेगळा करता आलेला नाही असे गृहीत धरले गेले. स्वीडनमधल्या शील या रसायनशास्त्रज्ञाने 1774 साली याच आम्लापासून एक हिरवट पिवळा वायू मिळवला होता; त्यालाही ऑक्सिजनयुक्त संयुग ठरवून ‘ऑक्सिम्युरिअॅटिक आम्ल’ असे लांबलचक नाव मिळाले. पुढे हम्फ्री डेव्हीने हर प्रकारे खटपट करूनही त्या वायूतून ऑक्सिजन निघेना, तेव्हा 1810 साली त्याने हे मूलद्रव्यच आहे असे जाहीर केले आणि त्याला क्लोरिन हे नाव दिले. म्हणजे म्युरिअॅटिक आम्लात हायड्रोजन आणि क्लोरिन एवढेच होते आणि ऑक्सिजनचा त्यात मागमूस नव्हता. लॅव्हॉझिए हे पाहायला उरला नव्हता. राज्यक्रांतीच्या धामधुमीत 1794 साली त्याचा शिरच्छेद झाला होता.

सिद्धांत पडला, पण नावे पडली नाहीत, आणि मला या साऱ्या हकिकतीतला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो. तोवर ‘इक’ आणि ‘अस’ इतके अंगवळणी पडले होते की रसायनशास्त्रज्ञांनी जुने घर पाडण्याऐवजी त्याला एक पडवी काढली. ज्या आम्लात ऑक्सिजन नाही त्याच्या नावामागे ‘इक’ तर राहू द्यायचे, पण पुढे ‘हायड्रो’ लावून ते वेगळे आहे हे दाखवायचे. हायड्रोक्लोरिक, हायड्रोब्रोमिक, हायड्रोफ्लुओरिक ही नावे अशी झाली. मुले विचारतात की हायड्रोजन तर सगळ्याच आम्लांत आहे, मग त्याचा उल्लेख याच आम्लांत कशासाठी? प्रश्न बिनतोड आहे. इथे ‘हायड्रो’चा व्यवहारातला अर्थ ‘ऑक्सिजनविना’ असा घ्यायचा. हायड्रोजन क्लोराइड हा कोरडा वायू असताना त्याला त्याच नावाने ओळखतात. पाण्यात विरघळून त्याने आम्लाचे गुण दाखवले की त्याच्या द्रावणाला हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणतात.

आता भाचीच्या प्रश्नातला क्लोरिकचा भाग. क्लोरिनच्या घरात ऑक्सिजन असलेली आम्ले दोन नाहीत, चार आहेत, आणि थोरला-धाकटा ही दोनच नावे चौघांना पुरत नाहीत. गे-ल्युसॅकने 1814 साली क्लोरिक आम्ल तयार केले तेव्हा त्याच्याहून जास्त ऑक्सिजन असलेले क्लोरिनचे आम्ल कोणाला ठाऊक नव्हते, म्हणून थोरलेपण त्याला मिळाले. दोनच वर्षांनी, 1816 मध्ये, श्टाडिओनने चार ऑक्सिजनचे आम्ल मिळवले. एकदा दिलेले नाव काढून घेता येईना, म्हणून नव्या आम्लाला ‘पर’ हा उपसर्ग जोडून परक्लोरिक म्हटले. खालच्या बाजूलाही तसेच झाले. 1834 मध्ये बालारने एकाच ऑक्सिजनचे आम्ल वेगळे ओळखले, त्याला ‘हायपो’ म्हणजे ‘खालचा’ असा उपसर्ग जोडून हायपोक्लोरस हे नाव मिळाले. त्यामुळे आज एक ऑक्सिजन असेल तर हायपोक्लोरस, दोन असतील तर क्लोरस, तीन असतील तर क्लोरिक आणि चार असतील तर परक्लोरिक अशी ओळ लागते. ऑक्सिडेशन नंबर, म्हणजे संयुगात अणूने किती इलेक्ट्रॉन दिले असे धरायचे तो आकडा; त्याच्या भाषेत क्लोरिन अनुक्रमे अधिक एक, तीन, पाच आणि सात. ब्रोमिनच्या घरात तर परब्रोमिक हे नाव पद्धतीने आधीच राखून ठेवले होते आणि पदार्थ मात्र हाती येत नव्हता; परब्रोमेट प्रत्यक्षात तयार झाले ते 1968 साली.

हायपोक्लोरस आम्ल हे पुस्तकातच भेटते असे कोणी समजू नये. पंचगंगेचा पूर ओसरला की गावोगावच्या विहिरींत आणि टाक्यांत ग्रामपंचायत जी टीसीएल पावडर टाकते, तिच्यात कॅल्शियम हायपोक्लोराइट असते. ती पाण्यात मिसळली की हायपोक्लोरस आम्ल तयार होते आणि जंतू मारण्याचे मुख्य काम तेच करते. पावडरीच्या नावात ‘हायपो’ आणि ‘आइट’, आम्लाच्या नावात ‘हायपो’ आणि ‘अस’. या जोडीकडे नीट पाहिले तर संपूर्ण तक्ता पाठ करण्याची गरज उरत नाही, आणि भाचीला मी नेमके हेच करायला लावले.

आम्लाचे नाव सूत्रावरून शोधायला जाऊ नये, त्याच्या क्षाराच्या नावावरून शोधावे. क्षाराचे नाव ‘एट’ने संपत असेल तर आम्लाचे नाव ‘इक’ने संपते, ‘आइट’ने संपत असेल तर ‘अस’ने, आणि ‘आइड’ने संपत असेल तर पुढे ‘हायड्रो’ आणि शेवटी ‘इक’. ‘पर’ किंवा ‘हायपो’ असेल तर तो आहे तसा उचलायचा. कोल्हापूरजवळच्या हुपरीत चांदी शुद्ध करताना ती ज्या आम्लात विरघळवतात ते नायट्रिक, म्हणून द्रावणात तयार होते ते सिल्व्हर नायट्रेट. त्यात मीठ टाकल्यावर दह्याच्या कवड्यांसारखा जो पांढरा साका पडतो तो सिल्व्हर क्लोराइड, आणि क्लोराइडचे आम्ल हायड्रोक्लोरिक. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोन्यासाठी जे आम्लराज वापरतात त्यात हीच दोन आम्ले एकत्र येतात, तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक. लोणच्याच्या बरणीवरचे बारीक अक्षर वाचा, सोडियम बेंझोएट दिसेल, आम्ल बेंझोइक. जखम धुवायच्या जांभळ्या खड्यांचे नाव पोटॅशियम परमँगनेट, आम्ल परमँगॅनिक. सायनाइडमध्ये कार्बन आणि नायट्रोजन अशी दोन मूलद्रव्ये असूनही शेवट ‘आइड’ आहे, म्हणून त्याचे आम्ल हायड्रोसायनिक. भाचीने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्या-बाटल्यांवरची लेबले वाचून काढली, आणि तिच्या आईला घरात अचानक एवढी आम्ले कुठून आली असा प्रश्न पडला.

नियम सोपा असला तरी दोन ठिकाणी मुले ठेचकाळतात. पहिले ठिकाण गंधक आणि फॉस्फरसचे. क्षारांत या मूलद्रव्यांची नावे आखूड होतात, सल्फेट आणि फॉस्फेट. म्हणून काही मुले आम्लाला ‘सल्फिक’ आणि ‘फॉस्फिक’ लिहून मोकळी होतात. आम्लात मूळ नावाचा कापलेला तुकडा परत जोडावा लागतो, म्हणजे सल्फ्युरिक आणि फॉस्फोरिक. दुसरे ठिकाण खास आपल्या लिपीतले आहे. इंग्रजीत फॉस्फरस हे मूलद्रव्य आणि फॉस्फरस हे धाकटे आम्ल यांच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असतो, देवनागरीत तो दिसत नाही. म्हणून मराठीत लिहिताना प्रत्येक वेळी ‘फॉस्फरस आम्ल’ असे पुरते लिहावे. याची भरपाई म्हणून दुसरीकडे आपली एक कटकट वाचली आहे: सल्फरच्या इंग्रजी स्पेलिंगबद्दल इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात वर्षानुवर्षे जो वाद चालला, त्याचे आपल्याला सोयरसुतक नाही.

फॉस्फरसचे घर एरवीही गुंतागुंतीचे आहे. फॉस्फोरिक आम्ल आमच्या कारखान्यातही लागते. उसाच्या रसात नैसर्गिक फॉस्फेट कमी पडले की साका नीट बसावा म्हणून ते रसात घालतात. या आम्लाचे पूर्ण नाव ऑर्थोफॉस्फोरिक. त्याचे दोन रेणू तापवून त्यांच्यातून पाण्याचा एक रेणू काढला तर पायरोफॉस्फोरिक, आणि एकाच रेणूतून पाण्याचा एक रेणू गेला असे धरले तर मेटाफॉस्फोरिक. तिन्हींत फॉस्फरसचा ऑक्सिडेशन नंबर पाचच असतो, म्हणून तिघेही ‘इक’च राहतात आणि फरक दाखवायला वेगळे उपसर्ग लागतात. हा उलगडा टॉमस ग्रॅहॅमने 1833 साली केला. धाकट्या फॉस्फरस आम्लात हायड्रोजनचे तीन अणू असतात, पण त्यांतले दोनच आम्लासारखे सुटतात. तिसरा थेट फॉस्फरसला जोडलेला असल्यामुळे जागचा हलत नाही. हायपोफॉस्फरस आम्लात तर तीनपैकी एकच सुटतो. नावावरून यातले काहीच कळत नाही, आणि हे या पद्धतीचे उणेपण मान्य केले पाहिजे.

चुकीचे नाव एकदा बाजारात रुळले की ते हटत नाही, याची दोन उदाहरणे कोल्हापुरातच आहेत. गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून काही गुऱ्हाळांवर काहिलीत जी पांढरी पावडर टाकतात, तिला सगळे हायड्रॉस म्हणतात. हे सोडियम हायड्रोसल्फाइटचे लाडके रूप. आता त्या पदार्थाच्या रेणूत फक्त सोडियम, गंधक आणि ऑक्सिजन आहेत, हायड्रोजनचा एक अणूही नाही. त्याचे नीट नाव सोडियम डायथायोनाइट. गुळात ते असावे की नसावे हा वेगळा विषय आहे, आणि माझे मत विचाराल तर थोडा काळपट गूळ बरा. दुसरे उदाहरण फिल्मचे. 1929 साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात स्थापन झाली, त्या काळापासून पुढे कित्येक दशके इथल्या डार्करूममध्ये फिल्म पक्की करायला ‘हायपो’ वापरत. जॉन हर्शेलने 1819 साली या क्षारात चांदीचे क्षार विरघळतात हे शोधले तेव्हा तो सल्फ्युरसपेक्षाही खालच्या आम्लाचा क्षार समजला जाई, म्हणून हायपोसल्फाइट. पुढे कळले की हे म्हणजे एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसलेले सल्फेट आहे, आणि त्याचे नाव थायोसल्फेट झाले. पुस्तकातले नाव बदलले, पण फोटोग्राफरच्या तोंडी मात्र अखेरपर्यंत हायपोच राहिला.

ज्या घरात एकच मूल, तिथे थोरला-धाकटा हा प्रश्नच नसतो. नाव सरळ ‘इक’ने संपते. सोड्याच्या बाटलीतले कार्बोनिक आम्ल तसे, आणि तालमीच्या कट्ट्यावर कॅरम बोर्ड गुळगुळीत करायला टाकतात ती बोरिक पावडरही तशी.

वनस्पती आणि प्राण्यांपासून मिळणाऱ्या आम्लांची नावे मात्र घटकांवरून पडलेली नाहीत, ती कुठे सापडली त्यावरून पडली आहेत. लाल मुंग्यांमधले फॉर्मिक, लिंबातले सायट्रिक, सफरचंदातले मॅलिक, आंबट दुधातले लॅक्टिक. यांतली शेवटची तीन शीलनेच प्रथम वेगळी केली. आपल्याकडे थंडीत हरभऱ्याच्या शेतावर रात्री फडके पसरून पहाटे ते पिळून जी आंब धरतात, तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. शील हरभऱ्याच्या देशात जन्मला असता तर मॅलिक आम्लाला सफरचंदाचे नाव मिळाले नसते, असे मला वाटत आले आहे. या आम्लांना ‘अस’वाली धाकटी भावंडे नाहीत, तरी क्षाराचा नियम तिथेही तंतोतंत लागू पडतो: सायट्रेट, लॅक्टेट, ऑक्झॅलेट.

रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आययूपीएसीने, या सर्वांसाठी अधिक काटेकोर नावेही ठरवली आहेत. ॲसेटिक आम्लाला इथॅनोइक आणि फॉर्मिक आम्लाला मिथॅनोइक म्हणणे आता पाठ्यपुस्तकांत रुळले आहे, आणि त्यात कार्बनचे अणू किती हे नावातच कळत असल्याने सोयही आहे. सल्फ्युरिक आम्लाचे याच संघटनेच्या नियमांनी होणारे पद्धतशीर नाव मात्र डायहायड्रॉक्सिडोडायऑक्सिडोसल्फर असे आहे. भाचीने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले, दोनदा मोठ्याने म्हणून पाहिले आणि ते परीक्षेत विचारत नाहीत ना, एवढी खात्री करून घेतली. विचारत नाहीत, आणि संघटनेनेही सल्फ्युरिक आम्ल हे जुने नाव वापरायला मुभा ठेवली आहे.